पोटभाडेकरू ठेवू द्यायचा का? घरमालकाने कोणत्या क्रमाने काय करावे

पोटभाड्याची प्रकरणे चिघळतात तिथे बहुतेक वेळा क्रम उलटा झालेला असतो. नवा माणूस सामान घेऊन आधी येतो, मग भाडेकरूचा फोन येतो, मालक "बरं, बघू" म्हणतो आणि कागद पुढच्या महिन्यावर जातो. वर्षभराने मूळ भाडेकरू दुसऱ्या शहरात असतो आणि घरातला माणूस विचारतो, "मी डिपॉझिट त्यांना दिलंय, तुम्ही कोण?"

पुढची पद्धत महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी फक्त वापराची परवानगी देणाऱ्या करारावर, दिलेल्या राहत्या घरांसाठी आहे. आमचे मत आधीच सांगतो. एक-दोन फ्लॅट असलेल्या मालकाने पोटभाड्याला शक्यतो परवानगी देऊ नये. भाडेकरूला सोबत कोणी हवे असेल, तर त्या माणसाला थेट करारात घ्यावे. परवानगी द्यायचीच असेल तर ती नावानिशी आणि मुदतीची असावी, आणि किल्ली नव्या माणसाच्या हातात पडण्यापूर्वी लेखी दिलेली असावी.

टप्पा १: हे पोटभाडे आहे का, ते आधी ठरवा

दोन प्रश्न विचारा. मूळ भाडेकरू स्वतः घरात राहणार आहे का? आणि नव्या माणसाचे पैसे कोणाकडे जाणार आहेत?

आई-वडील, पती-पत्नी, मुले राहायला आली तर ते पोटभाडे नव्हे. आठ-पंधरा दिवसांचा पाहुणाही नव्हे. फक्त राहणाऱ्यांची नावे करारात किंवा पोलिसांकडे दिलेल्या माहितीत असावीत.

पुण्यात हिंजवडी, खराडी, कोथरूडकडे नेहमी दिसणारा प्रकार वेगळा आहे. करार एकाच्या नावावर, घरात चौघे, आणि भाडे चौघांत वाटलेले. मूळ भाडेकरू तिथेच राहतो, त्यामुळे मालकाला यात काही वावगे वाटत नाही. पण करारात नाव नसलेले तिघे भाडेकरूला पैसे देऊन राहत असतील, तर कागदावर ते पोटभाडेकरूच ठरू शकतात. हा गुंता सोडवायला सगळ्यात सोपा: चौघांनाही सह-लायसन्सी (लायसन्सी म्हणजे अशा करारातला भाडेकरू) करून नवा करार नोंदवा. त्यात "संपूर्ण भाडे आणि नुकसानीची जबाबदारी सर्वांची एकत्रित आणि प्रत्येकाची स्वतंत्रही राहील" हे वाक्य हवेच. ते नसेल तर एक जण निघून गेल्यावर उरलेले तिघे आपापला पाव हिस्साच देऊ म्हणतात.

भाडेकरू चार-सहा महिन्यांसाठी परदेशी किंवा दुसऱ्या शहरात कामाला जातो आणि घर तोवर मित्राला देऊ म्हणतो, हे खरे पोटभाडे. कंपनी किंवा एजंट अख्खा फ्लॅट घेऊन एकेक बेड भाड्याने देतो, हेही पोटभाडेच, आणि जास्त जोखमीचे.

सावधान: घर पागडीचे (सुरुवातीला मोठी रक्कम घेऊन नाममात्र भाड्याने दिलेले जुने घर) असेल तर हा लेख बाजूला ठेवा. तिथे भाडेकरूला भाडे नियंत्रण कायद्याचे पूर्ण संरक्षण असते. पोटभाड्याला एकदा दिलेली संमती पिढ्यान्‌पिढ्या अंगावर येऊ शकते. वकिलाला विचारल्याशिवाय एका ओळीचीही चिठ्ठी देऊ नका.

टप्पा २: हातातला करार नीट वाचा

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २६ प्रमाणे करारात उलट तरतूद नसेल तर भाडेकरूला पोटभाडेकरू ठेवता येत नाही. लिव्ह अँड लायसन्समध्ये तर भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ च्या कलम ५६ मुळे लायसन्स मुळातच दुसऱ्याकडे सोपवता येत नाही. तसे करू द्यायचे असेल तर करारात स्पष्ट लिहावे लागते. म्हणजे करार याबाबत गप्प असेल, तर उत्तर "नाही" असेच आहे.

पण हे संरक्षण नोंदणीकृत करारावर उभे असते, आणि चूक नेमकी इथे होते. "अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही" हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे आणि ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.

दंडापेक्षाही महत्त्वाची गोष्ट त्याच कलमात पुढे आहे. नोंदणीकृत करार नसेल तर अटी-शर्तींबाबत भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरले जाते, मालक त्याउलट सिद्ध करेपर्यंत. भाडेकरूने "मालकांनी मला तोंडी परवानगी दिली होती" असे म्हटले, तर ती दिली नव्हती हे दाखवायचे ओझे तुमच्यावर येते.

करार वाचताना आणखी तीन कागद जवळ घ्या. घरावर गृहकर्ज असेल तर बँकेचा करार, कारण घर भाड्याने देण्यावर काही बँका अटी घालतात. सोसायटीचे उपविधी. आणि घर म्हाडा, सिडको किंवा झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतले असेल तर वाटपपत्र. शेवटच्या प्रकारात मालकालाच घर भाड्याने देण्यावर बंधन असू शकते, मग पोटभाड्याचा विषयच येत नाही.

तपासा: करार नोंदणीकृत आहे का? मुदत कधी संपते? लॉक-इन (ज्या काळात करार मध्येच सोडता येत नाही तो) किती? हस्तांतरणाबाबत काय लिहिले आहे? घर एकापेक्षा जास्त जणांच्या नावावर असेल तर संमतीवर सगळ्या सहमालकांच्या सह्या लागतील.

टप्पा ३: निर्णय घ्या

नाही म्हणायचे प्रसंग स्पष्ट आहेत. भाडे किंवा वीजबिल आधीच थकलेले आहे. करार संपायला तीन महिन्यांहून कमी राहिले आहेत. येणाऱ्या माणसाचे नाव सांगायला भाडेकरू टाळाटाळ करतो. तो स्वतः परत येण्याची तारीख सांगू शकत नाही. यांपैकी एक जरी असेल तर चालू करार रद्द करा आणि नवा माणूस पसंत असल्यास त्याच्याशी थेट करार करा. भाडेकरूला लॉक-इनमधून मोकळे करावे लागले तरी ते मालकाच्या फायद्याचेच असते.

हो म्हणता येईल असा प्रसंग साधारण असा: भाडेकरू दोन वर्षांपासून नियमित भाडे देतो, ठरावीक महिन्यांसाठी बाहेर जातो, सामान घरातच राहणार आहे, येणारा माणूस कागद द्यायला तयार आहे.

"हेवी डिपॉझिट" या प्रकाराबद्दल सविस्तर सांगायला हवे, कारण मालक त्यात नकळत ओढले जातात. एक मध्यस्थ तुमचे घर महिना २५,००० रुपये भाड्याने आणि १ लाख डिपॉझिटवर घेतो. स्वतः राहायला येत नाही. मालकाचा प्रतिनिधी असल्याचे भासवून तेच घर तो एखाद्या कुटुंबाला ८ लाखांच्या हेवी डिपॉझिटवर देतो. त्या कुटुंबाला महिन्याचे भाडे नसते. त्या ८ लाखांतूनच तो तुमचे डिपॉझिट भागवतो आणि दरमहा भाडे भरतो. भाडे वेळेवर येते म्हणून तुम्हाला शंका येत नाही. सात-आठ महिन्यांनी भाडे थांबते, फोन बंद होतो. कुटुंब म्हणते, आमचे ८ लाख मिळाल्याशिवाय आम्ही जागा सोडणार नाही. त्या कुटुंबाचीही फसवणूकच झालेली असते, त्यामुळे त्यांना दमदाटी करून काही निघत नाही.

याची खूण पहिल्या आठवड्यातच सापडते. करारावर सही करणारा माणूस घरात दिसत नाही. म्हणून किल्ली एजंटच्या हाती कधीच देऊ नका. करारातला माणूस दारात उभा असताना त्याच्याच हातात द्या आणि पंधरा दिवसांनी एकदा जाऊन या.

टप्पा ४: भाडेकरूकडून लेखी अर्ज आणि कागद घ्या

परवानगीची सुरुवात भाडेकरूच्या अर्जाने व्हावी, तुमच्या पत्राने नाही. पुढे "मालकांनीच माणूस आणला" असे कोणी म्हणाले, तर हा अर्ज कामी येतो. अर्जात येणाऱ्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे पूर्ण नाव, कायमचा पत्ता, नोकरीचे किंवा शिक्षणाचे ठिकाण, राहण्याची नेमकी मुदत आणि तो भाडेकरूला देणार असलेली रक्कम असावी. सोबत ओळखपत्राची आणि नोकरीच्या पत्राची किंवा कॉलेजच्या ओळखपत्राची प्रत, आणि एक फोटो.

रक्कम लिहून घेणे अनेकांना अवघडल्यासारखे वाटते. पण तुमच्या घरावर भाडेकरू किती कमावतो आणि किती डिपॉझिट गोळा करतो, हे कळायचा हा एकच मार्ग आहे. भाडेकरू ती सांगत नसेल तर इथेच थांबा.

त्या माणसाला प्रत्यक्ष भेटा. परगावी असाल तर व्हिडिओ कॉल करा आणि एवढेच विचारा: "घराचा मालक कोण आहे, हे तुम्हाला काय सांगितलंय?" उत्तरात तुमचे नाव आले नाही, तर पुढची चर्चा नको.

टप्पा ५: संमतीपत्र

व्हॉट्सअ‍ॅपवरचा "ओके" संमती म्हणून पुढे केला जातो, म्हणून चॅटवर हो-नाही काहीही लिहू नका. "लेखी अर्ज द्या, मग कळवतो" एवढेच उत्तर द्या.

संमतीपत्रातली भाषा साधी पण घट्ट हवी. नमुना असा:

"दि. … रोजीच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स कराराला (दस्त क्रमांक …) अनुसरून, आपल्या दि. … च्या अर्जावरून, श्री./श्रीमती … या एकाच व्यक्तीस दि. … ते दि. … या काळात सदर घरात राहण्यासाठी आम्ही संमती देत आहोत. ही संमती दुसऱ्या कोणत्याही व्यक्तीस लागू नाही, वाढवून मिळेल असे गृहीत धरता येणार नाही आणि मूळ करार कोणत्याही कारणाने संपल्यास त्याच दिवशी संपेल. सदर व्यक्तीशी आमचे मालक-भाडेकरू असे कोणतेही नाते निर्माण होत नाही. भाडे, वीजबिल आणि नुकसानभरपाईची संपूर्ण जबाबदारी मूळ लायसन्सीचीच राहील. सदर व्यक्तीकडून घेतलेले डिपॉझिट परत करण्याची जबाबदारी आमच्यावर नाही."

खाली तीन सह्या: मालक, भाडेकरू आणि येणारी व्यक्ती. तिसरी सही सर्वात महत्त्वाची आहे आणि तीच हमखास राहते. मुदत आणि डिपॉझिटबद्दलची वाक्ये त्या माणसाने वाचली होती, याचा पुरावा तोच आहे.

पोटभाड्याची शेवटची तारीख मूळ कराराच्या किमान १५ दिवस आधीची ठेवा. दोन्ही एकाच दिवशी संपत असतील, तर घर तपासायला आणि हिशोब करायला वेळच उरत नाही.

मालक परदेशात असेल आणि कुलमुखत्यारपत्रावर इथले नातेवाईक सही करणार असतील, तर "भाड्याने देणे" एवढा अधिकार पुरेसा धरू नका. पोटभाड्याला संमती देण्याचा अधिकार त्यात स्वतंत्रपणे लिहा. परदेशात सही केलेले मुखत्यारपत्र महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथले मुद्रांक शुल्क भरावे लागते.

टप्पा ६: पैशांचा मार्ग

भाडे नेहमी मूळ भाडेकरूच्याच खात्यातून घ्या. पोटभाडेकरूने सोयीसाठी थेट तुम्हाला यूपीआय केले, तर ते परत पाठवा आणि कारण मेसेजमध्ये लिहा. चार-पाच महिने त्याच्या खात्यातून पैसे घेतले की "माझे नाते थेट मालकाशी आहे" असे म्हणायला त्याला जागा मिळते.

आपल्याकडचे डिपॉझिट निदान तीन महिन्यांच्या भाड्याइतके ठेवा. भाडेकरूने पुढच्याकडून दोन महिन्यांपेक्षा जास्त घेऊ नये, असे संमतीपत्रात लिहा. हेवी डिपॉझिटची वाट यानेच बंद होते.

कराचे थोडक्यात: व्यक्ती असलेला भाडेकरू दरमहा ५०,००० रुपयांपेक्षा जास्त भाडे देत असेल तर त्याने २ टक्के टीडीएस कापायचा असतो; कंपनी तेवढे भाडे देत असेल तर १० टक्के. मालक अनिवासी भारतीय असेल तर ही मर्यादा लागू नसते आणि ३० टक्के अधिक अधिभार-उपकर कापला जातो. पोटभाड्याची कमाई भाडेकरूची आहे. ती त्याने आपल्या विवरणपत्रात इतर उत्पन्न म्हणून दाखवायची. घरमालकाला मिळणारी ३० टक्क्यांची प्रमाणित वजावट त्याला मिळत नाही.

टप्पा ७: नोंदणी, पोलीस, सोसायटी

याच क्रमाने करा.

सह-लायसन्सी घेऊन नवा करार करत असाल तर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-नोंदणी होते, आधार आणि बोटांच्या ठशांवर. साठ महिन्यांपर्यंतच्या करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते एकूण भाडे, परत न मिळणारी रक्कम असल्यास ती, आणि परतीच्या डिपॉझिटवर वार्षिक १० टक्के व्याज, या बेरजेवर मोजतात. भाडे ३०,०००, मुदत २४ महिने, डिपॉझिट १ लाख असेल तर ७,२०,००० अधिक २०,००० म्हणजे ७,४०,००० आणि त्यावर १,८५० रुपये. नोंदणी फी शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. एवढ्या खर्चासाठी तीन माणसे कागदाबाहेर ठेवणे परवडत नाही.

खरे पोटभाडे असेल तर भाडेकरू आणि येणारी व्यक्ती यांचा करारही नोंदवून घ्या, संमतीपत्र त्याला जोडा आणि प्रत आपल्याकडे ठेवा.

करार ऑनलाइन नोंदवला म्हणजे पोलिसांना कळवले गेले, असे धरू नका. पोलीस आयुक्तांचा भाडेकरूंची माहिती देण्याचा आदेश लागू असेल तिथे ती न दिल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली मालकावर गुन्हा दाखल होऊ शकतो. प्रत्येक नव्या प्रौढ व्यक्तीची नोंद स्वतंत्र करा आणि पोचपावती जपून ठेवा. येणारा परदेशी नागरिक असेल तर त्याची माहिती परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाला २४ तासांच्या आत ऑनलाइन द्यायची असते.

सोसायटीला कराराची आणि पोलीस पोचपावतीची प्रत द्या. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते शुल्क) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. १ ऑगस्ट २००१ चा शासन आदेश तसा आहे. सेवाशुल्क ३,००० असेल तर जास्तीत जास्त ३००, आणि पालिकेचा कर या हिशोबात धरायचा नाही. माणसे वाढली म्हणून ही रक्कम दुप्पट होत नाही.

टप्पा ८: किल्ली देण्याचा दिवस

घराची स्थिती दोनदा नोंदवा: एकदा मूळ भाडेकरूसोबत, एकदा त्याच्या आणि नव्या माणसाच्या उपस्थितीत. वीज मीटरच्या रीडिंगचा फोटो असा घ्या की मीटरचा क्रमांकही दिसेल. पाइप गॅस असेल तर त्याचेही रीडिंग घ्या, नाहीतर सिलिंडर किती ते लिहा. गीझर, पंखे, एसी चालू करून छोटा व्हिडिओ करा. बाथरूमच्या छताचा आणि सिंकखालच्या कपाटाचा फोटो विसरू नका. ओल धरल्याचे भांडण तिथूनच सुरू होते. किल्ल्या किती आणि कोणाकडे, हे लिहून तिघांच्या सह्या घ्या. पार्किंगचे स्टिकर आणि गेटचे अ‍ॅपही यात धरा. नव्या माणसाची नोंद सोसायटीच्या अ‍ॅपवर "मालक" किंवा "कुटुंबीय" अशी झाली नाही ना, हे बघून घ्या.

टप्पा ९: मुदत चालू असताना

तीन महिन्यांतून एकदा, आदल्या दिवशी कळवून, घर बघा. वीजबिल स्वतः ऑनलाइन तपासा. एका माणसाच्या घराचे बिल अचानक अडीच पट झाले, तर घरात माणसे वाढली असण्याची शक्यता आहे. मुदत संपायच्या ४५ दिवस आधी तिघांनाही लेखी आठवण द्या.

टप्पा १०: परवानगीशिवाय कोणी राहताना आढळले, किंवा मुदत संपूनही जात नसेल

पहिले काम पुरावा. सोसायटीच्या गेटची नोंद, पार्किंगची नोंद, राहणाऱ्या माणसाने भाडेकरूला पैसे दिल्याची माहिती, तारखेसह फोटो. भांडायला त्यानंतर जायचे.

मग वकिलामार्फत भाडेकरूला नोटीस, आणि तिची प्रत घरात राहणाऱ्यालाही. कळल्यानंतरही भाडे मुकाट्याने घेत राहिलात तर "मालकांना चालत होते" असे म्हटले जाते. म्हणून भाडे घेतलेच तर "आमचे सर्व हक्क अबाधित ठेवून" असे पावतीवर किंवा मेसेजमध्ये लिहा.

सावधान: वीज-पाणी तोडू नका, कुलूप बदलू नका, सामान बाहेर काढू नका. पोलीस ठाण्यात तक्रार उलट तुमच्याविरुद्ध होते आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो.

मुदत संपली असेल तर राहण्यासाठी दिलेल्या लायसन्सच्या बाबतीत भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तिथे लेखी करारातला मजकूर निर्णायक पुरावा मानला जातो. समोरच्याला समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी लायसन्स फीच्या (करारातल्या भाड्याच्या) दुप्पट दराने भरपाई मागता येते. अर्जात प्रत्यक्ष घरात राहणाऱ्यांचीही नावे घाला.

मुदत शिल्लक असताना घर परत हवे असेल तर ही वाट तितकी सरळ नसते. त्यासाठी करारातच "परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवल्यास लेखी नोटिशीनंतर ३० दिवसांनी लायसन्सची मुदत संपली असे समजले जाईल" असे कलम हवे. आज करार करत असाल तर ते आजच घाला. आणि घर एखाद्या कंपनीला बेड भाड्याने द्यायला दिले असेल, तर ते "राहण्यासाठी" दिले होते की धंद्यासाठी, असा वाद कलम २४ च्या अर्जातच उभा राहू शकतो. अशा कंपनीशी करार करताना वापराचे कलम वकिलाकडून लिहून घ्या आणि प्रत्येक रहिवाशाची नावानिशी यादी दर महिन्याला मागा.